युरोपातील संयुक्त संशोधन व्यवस्था आणि चेन्नईचा सहा दशकांचा अनुभव

चेन्नई : शासनाच्या पैशातून चालणारे संशोधन एका देशापुरते मर्यादित न ठेवता अनेक देशांनी मिळून करावे, ही कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात रुजली आणि पुढे तिला करार, निधी व नियम यांची चौकट मिळाली. या चौकटीशी भारताचा संबंध प्रामुख्याने तीन मार्गांनी आला: साहाय्य स्वीकारणारा देश म्हणून, तंत्रज्ञान घेणारा देश म्हणून आणि अलीकडच्या काळात खर्चात वाटा उचलणारा भागीदार म्हणून. हे तिन्ही टप्पे एकाच परिसरात पाहावयाचे झाल्यास चेन्नई आणि तिच्या दक्षिणेकडील किनारपट्टीचे उदाहरण घेता येते. गिंडी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था, कल्पाक्कम येथील अणुसंशोधन केंद्र, पळ्ळिकरणै येथील राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आणि तरमणी येथील गणितीय विज्ञान संस्था यांच्या वाटचालीत युरोपीय सहकार्याची वेगवेगळी रूपे दिसतात. युरोपीय संघाच्या संशोधन कार्यक्रमात भारताने सहयोगी सदस्य म्हणून सामील व्हावे किंवा कसे, हा विषय २०२५ साली अधिकृत चर्चेत आल्यामुळे या अनुभवाला नवे महत्त्व प्राप्त झाले आहे.

युरोपातील पार्श्वभूमी

महायुद्धामुळे युरोपातील विद्यापीठे आणि प्रयोगशाळा यांची मोठी हानी झाली होती. अनेक शास्त्रज्ञ अमेरिकेत स्थायिक झाले होते. अणुविज्ञानासारख्या क्षेत्रात लागणारी यंत्रसामग्री इतकी खर्चिक होती की कोणत्याही एका युरोपीय देशाला ती स्वतंत्रपणे उभारणे कठीण होते. या परिस्थितीत १२ देशांनी एकत्र येऊन २९ सप्टेंबर १९५४ रोजी युरोपीय अणुसंशोधन संघटना, म्हणजेच सर्न, स्थापन केली. जिनिव्हाजवळ असलेल्या या संस्थेची सदस्यसंख्या २०२५ साली स्लोव्हेनियाच्या प्रवेशानंतर २५ झाली. १९५७ च्या रोम येथील करारांतून अणुऊर्जेसाठी युरॅटॉम हा समुदाय निर्माण झाला. त्यानंतर १९६२ साली दक्षिण आकाशाच्या निरीक्षणासाठी युरोपीय वेधशाळा, १९७४ साली रेण्वीय जीवशास्त्राची युरोपीय प्रयोगशाळा आणि १९७५ साली युरोपीय अवकाश संस्था अस्तित्वात आली.

या संस्था स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करारांवर आधारलेल्या आहेत. युरोपीय समुदायाने स्वतःच्या अर्थसंकल्पातून संशोधनासाठी बहुवार्षिक आराखडा राबवण्यास १९८४ साली प्रारंभ केला. तो ‘फ्रेमवर्क कार्यक्रम’ म्हणून ओळखला जातो. सातवा कार्यक्रम २००७ ते २०१३ या काळात राबवण्यात आला. त्यानंतर २०१४ ते २०२० या काळासाठी ‘होरायझन २०२०’ आणि २०२१ ते २०२७ या काळासाठी ‘होरायझन युरोप’ हे कार्यक्रम आले. होरायझन युरोपसाठी आरंभी सुमारे ९५.५ अब्ज युरोची तरतूद करण्यात आली होती.

खर्च कोणाचा, निर्णय कोणाचा

अनेक देशांचा पैसा एकत्र आल्यानंतर त्याचा विनियोग कसा करावा, याविषयी युरोपात तीन भिन्न पद्धती विकसित झाल्या. भारताच्या सहभागाचे स्वरूप समजण्यासाठी त्या लक्षात घेणे आवश्यक आहे.

पहिली पद्धत सर्नची आहे. येथे सदस्य देशाची वर्गणी त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात ठरते. संस्थेच्या परिषदेत मात्र प्रत्येक सदस्य देशाला एक मत असते. जर्मनीची वर्गणी मोठी आणि लहान देशाची अल्प असली, तरी यंत्रणा सर्वांसाठी समान रीतीने खुली राहते.

दुसरी पद्धत युरोपीय अवकाश संस्थेची आहे. एखाद्या देशाने दिलेल्या रकमेच्या प्रमाणात त्या देशातील उद्योगांना कामाचे कंत्राट मिळावे, असा तिचा नियम आहे. यामुळे सदस्य देशांतील संसदांना खर्चाचे समर्थन करणे सोपे जाते. मात्र सर्वांत कमी खर्चात काम करणाऱ्या उद्योगालाच ते मिळेल, याची खात्री राहत नाही.

तिसरी पद्धत फ्रेमवर्क कार्यक्रमाची आहे. येथे निधी देशांना वाटून दिला जात नाही. सर्वसाधारणपणे किमान तीन वेगवेगळ्या सदस्य अथवा सहयोगी देशांतील तीन स्वतंत्र संस्थांनी एकत्र येऊन प्रस्ताव सादर करावयाचा असतो. त्यांपैकी किमान एक संस्था युरोपीय संघातील सदस्य देशाची असावी लागते. स्वतंत्र तज्ज्ञांकडून प्रस्तावांचे गुणांकन होते आणि गुणानुक्रमे निधी मंजूर केला जातो. संशोधनातून मिळालेल्या फलिताची मालकी सामान्यतः ते फलित निर्माण करणाऱ्या संस्थेकडे राहते. या पद्धतीत भक्कम विद्यापीठे असलेल्या देशांना त्यांच्या वर्गणीहून अधिक निधी मिळू शकतो आणि दुर्बल व्यवस्था असलेल्या देशांना कमी. हा मुद्दा युरोपातही सातत्याने वादाचा राहिला आहे.

गिंडी येथील संस्था आणि पश्चिम जर्मनी

स्वातंत्र्यानंतर भारताने उच्च तंत्रशिक्षणाच्या संस्था उभारताना परदेशांचे साहाय्य घेतले. पवई येथील संस्थेला युनेस्कोच्या माध्यमातून सोव्हिएत संघाचे, कानपूर येथील संस्थेला अमेरिकेचे आणि दिल्ली येथील संस्थेला ब्रिटनचे साहाय्य लाभले. मद्रास येथील संस्थेची जबाबदारी पश्चिम जर्मनीने स्वीकारली. १९५६ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या पश्चिम जर्मनीच्या भेटीच्या काळात या साहाय्याची तयारी दर्शवण्यात आली आणि १९५९ साली बॉन येथे पहिल्या करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. त्या वेळी पश्चिम जर्मन सरकारने आपल्या देशाबाहेर हाती घेतलेला हा सर्वांत मोठा शैक्षणिक प्रकल्प होता.

३१ जुलै १९५९ रोजी केंद्रीय वैज्ञानिक संशोधन व सांस्कृतिक व्यवहार मंत्री हुमायून कबीर यांच्या हस्ते संस्थेचे उद्घाटन झाले. पहिल्या तुकडीत देशभरातील १२० विद्यार्थी होते. प्रा. बी. सेनगुप्तो हे संस्थेचे पहिले संचालक होते. १९६१ साली संसदेच्या कायद्याने संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. ११ जुलै १९६४ रोजी झालेल्या पहिल्या पदवीदान समारंभात राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी दीक्षान्त भाषण केले.

साहाय्याचे स्वरूप तीन प्रकारचे होते. जर्मन प्राध्यापक आणि कार्यशाळेतील तज्ज्ञ मद्रासमध्ये येऊन काही वर्षे काम करीत. प्रयोगशाळा आणि कार्यशाळा यांसाठी लागणारी यंत्रसामग्री जर्मनीतून पुरवली जाई. भारतीय अध्यापकांना जर्मनीतील तांत्रिक विद्यापीठांत प्रशिक्षणासाठी पाठवले जाई. यंत्रावर प्रत्यक्ष हात चालवल्याशिवाय अभियंता घडत नाही, हा जर्मन तंत्रशिक्षणातील आग्रह मद्रासच्या अभ्यासक्रमातही उतरला आणि कार्यशाळेतील कामाला तेथे मोठे स्थान मिळाले. १९७३ साली जर्मन साहाय्यातून संस्थेत आयबीएम ३७०/१५५ हा मोठा संगणक बसवण्यात आला. त्या काळी भारतातील विद्यापीठीय क्षेत्रात अशी सुविधा दुर्मीळ होती.

या व्यवस्थेत जमीन, इमारती आणि वेतन यांचा भार भारताने उचलला, तर यंत्रे आणि प्रशिक्षण जर्मनीने दिले. कोणते यंत्र द्यावयाचे, किती प्राध्यापक पाठवावयाचे आणि साहाय्य केव्हा थांबवावयाचे, यांत देणाऱ्या देशाचा शब्द साहजिकच मोठा होता. कालांतराने जर्मन सरकारचे थेट साहाय्य संपुष्टात आले. त्यानंतरही संबंध तुटले नाहीत, कारण जर्मनीत शिकून आलेल्या अध्यापकांचे तेथील विद्यापीठांशी नाते कायम होते. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा आणि हुम्बोल्ट प्रतिष्ठान यांच्या शिष्यवृत्त्यांमुळे ही ये-जा पुढेही चालू राहिली. २०१० च्या दशकाच्या आरंभी संस्थेत भारत–जर्मनी शाश्वतता केंद्र सुरू झाले. पाणी, ऊर्जा, कचरा व्यवस्थापन आणि भूमीचा वापर हे त्याचे विषय होते. यंत्रे काही वर्षांत जुनी होतात, परंतु प्रशिक्षित मनुष्यबळ आणि परस्परांतील ओळख यांचा लाभ पुढील पिढीपर्यंत पोहोचतो, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

एके काळी साहाय्य घेणाऱ्या या संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये टांझानियातील झांझिबार येथे आपले संकुल सुरू केले. भारतीय तंत्रज्ञान संस्थांपैकी परदेशात सुरू झालेले हे पहिले संकुल होय.

कल्पाक्कम : सहकार्य थांबते तेव्हा

चेन्नईपासून सुमारे ७० किलोमीटर दक्षिणेस, समुद्रकिनारी असलेल्या कल्पाक्कम येथे १९७१ साली अणुभट्टी संशोधन केंद्राची स्थापना झाली. १९८५ साली त्याचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र असे नामकरण करण्यात आले. देशात थोरियमचे साठे विपुल आणि युरेनियमचे साठे मर्यादित असल्याने, वापरलेल्या इंधनापेक्षा अधिक नवे इंधन निर्माण करणाऱ्या द्रुत प्रजनक अणुभट्ट्या हा भारताच्या अणुकार्यक्रमाचा दुसरा टप्पा मानला गेला. या तंत्रज्ञानाची सुरुवात करण्यासाठी फ्रान्सची निवड झाली.

फ्रान्समधील कादाराश येथील रॅप्सोडी ही प्रायोगिक अणुभट्टी १९६७ साली कार्यान्वित झाली होती. फ्रेंच अणुऊर्जा आयोग आणि युरॅटॉम यांच्या सहकार्यातून ती उभी राहिली होती. म्हणजेच भारताने घेतलेला आराखडा हा मुळात युरोपीय देशांच्या संयुक्त प्रयत्नांशी निगडित होता. १९६९ साली फ्रेंच आयोगाशी करार झाला आणि भारतीय अभियंत्यांचा एक गट कादाराश येथे प्रशिक्षणासाठी गेला. कल्पाक्कम येथील द्रुत प्रजनक चाचणी अणुभट्टीचा आराखडा रॅप्सोडीवर आधारित असला, तरी त्यात महत्त्वाची भर घालण्यात आली. रॅप्सोडीतील उष्णता हवेत सोडली जात असे. कल्पाक्कमच्या अणुभट्टीत वाफ निर्माण करणारी यंत्रणा आणि वीजनिर्मितीसाठी टर्बाइन यांचा समावेश करण्यात आला.

मूळ योजनेनुसार या अणुभट्टीत समृद्ध युरेनियमचा अंश असलेले मिश्र ऑक्साइड इंधन वापरावयाचे होते आणि समृद्ध युरेनियम फ्रान्सकडून मिळावयाचे होते. १९७४ साली पोखरण येथे अणुस्फोट चाचणी झाल्यानंतर ही शक्यता मावळली. बांधकाम चालू असताना इंधनाचाच प्रश्न उभा राहिला. तेव्हा मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राने प्लुटोनियम आणि युरेनियम यांचे मिश्र कार्बाइड इंधन विकसित केले. आरंभीच्या इंधनात प्लुटोनियम कार्बाइडचे प्रमाण ७० टक्के आणि युरेनियम कार्बाइडचे ३० टक्के होते. अणुभट्टी चालवण्यासाठी मुख्य इंधन म्हणून अशा कार्बाइडचा वापर जगात अन्यत्र झालेला नव्हता. १८ ऑक्टोबर १९८५ रोजी अणुभट्टीत प्रथमच नियंत्रित शृंखला अभिक्रिया सुरू झाली. १९९७ साली तिचा टर्बाइन वीजजाळ्याशी जोडला गेला आणि मार्च २०२२ मध्ये अणुभट्टीने ४० मेगावॅट ही तिची संकल्पित औष्णिक क्षमता गाठली.

पहिल्या अभिक्रियेपासून पूर्ण क्षमतेपर्यंत ३६ वर्षे लागली, याची नोंद घ्यावी लागते. स्वतःचे इंधन निर्माण केल्याने देशाला स्वतंत्र क्षमता मिळाली, हा या घटनेचा एक भाग आहे. मध्येच थांबलेल्या सहकार्याची किंमत काळाच्या रूपाने मोजावी लागली, हा दुसरा भाग आहे. या अनुभवावर आधारित ५०० मेगावॅट क्षमतेच्या प्रारूप द्रुत प्रजनक अणुभट्टीचे बांधकाम २००४ साली कल्पाक्कम येथे सुरू झाले आणि मार्च २०२४ मध्ये तिचा गाभा भरण्यास प्रारंभ झाला. दरम्यान, अणुऊर्जेच्या शांततामय वापरासंबंधीच्या संशोधनासाठी भारत आणि युरॅटॉम यांच्यात जुलै २०२० मध्ये करार झाला.

समुद्रतळावरील संशोधन

राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेची स्थापना नोव्हेंबर १९९३ मध्ये झाली. चेन्नईच्या दक्षिण भागातील पळ्ळिकरणै येथे तिचे संकुल आहे. मध्य हिंदी महासागराच्या तळाशी मँगेनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असलेल्या गोळ्यांचे साठे आहेत. तेथील खोली पाच हजार मीटरहून अधिक असल्याने ही खनिजे गोळा करणारे यंत्र तयार करणे हे मोठे तांत्रिक आव्हान होते. त्यासाठी संस्थेने जर्मनीतील झीगन विद्यापीठाशी सहकार्य केले. समुद्रतळावर पट्ट्यांच्या साहाय्याने चालणाऱ्या वाहनाची २००० साली सुमारे ४१० मीटर खोलीवर चाचणी घेण्यात आली.

त्यानंतर हे काम संस्थेने टप्प्याटप्प्याने पुढे नेले. एप्रिल २०२१ मध्ये ‘वराह’ या वाहनाची मध्य हिंदी महासागरात ५,२७० मीटर खोलीवर चालण्याची चाचणी यशस्वी झाली. त्याच वर्षी जून महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने सखोल महासागर मोहिमेला मान्यता दिली. येथे सहकार्याचा प्रकार गिंडी आणि कल्पाक्कमपेक्षा वेगळा होता. काम नेमके काय आहे हे भारतीय संस्थेने ठरवले, त्यासाठी स्वतःचा निधी दिला आणि परदेशी विद्यापीठाचे ज्ञान मर्यादित, निश्चित कामापुरते घेतले.

सर्नमधील सहभाग

मूलभूत विज्ञानाच्या क्षेत्रात चेन्नईचा युरोपशी आलेला संबंध आरंभी व्यक्तिगत पातळीवरचा होता. जानेवारी १९६० मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ नील्स बोर मद्रासला आले आणि त्यांनी प्रा. अल्लाडी रामकृष्णन यांच्या घरी भरणाऱ्या सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या चर्चासत्रातील तरुण विद्यार्थ्यांची भेट घेतली. बोर हे सर्नच्या उभारणीतील प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक होते. सर्नचा सैद्धांतिक विभाग १९५७ पर्यंत कोपनहेगन येथील त्यांच्या संस्थेतच कार्यरत होता. या भेटीनंतर पंतप्रधान नेहरू यांचे मद्रासमधील या गटाकडे लक्ष गेले. ३ जानेवारी १९६२ रोजी गणितीय विज्ञान संस्थेचे उद्घाटन झाले. खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर त्या प्रसंगी उपस्थित होते.

सर्नशी भारताचा औपचारिक सहकार्य करार १९९१ साली झाला. लार्ज हॅड्रॉन कोलायडर या महायंत्राच्या उभारणीत भारताने अतिसंवाहक सुधारक चुंबक आणि चुंबकांना अचूक जागी बसवणारे जॅक पुरवले. सीएमएस प्रयोगाच्या मोजयंत्रातील एक भाग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाला. २००२ साली भारताला सर्नमध्ये निरीक्षकाचा दर्जा मिळाला. मद्रासची भारतीय तंत्रज्ञान संस्था २०१४ साली सीएमएस प्रयोगाची पूर्ण सदस्य झाली. ५० हून अधिक देशांतील शास्त्रज्ञ या प्रयोगात सहभागी आहेत आणि ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनच्या शोधाची घोषणा करणाऱ्या दोन गटांपैकी हा एक होता.

१६ जानेवारी २०१७ रोजी भारत सर्नचा सहयोगी सदस्य झाला. या दर्जामुळे कोणते हक्क मिळतात आणि कोणते मिळत नाहीत, हे नियमांत स्पष्ट केलेले आहे. सहयोगी देशाला पूर्ण सदस्य म्हणून जी वर्गणी भरावी लागली असती, तिच्या किमान १० टक्के रक्कम द्यावी लागते. त्या बदल्यात त्याचे प्रतिनिधी परिषदेच्या बैठकींना उपस्थित राहू शकतात, नागरिकांना मुदतीच्या नेमणुकांसाठी अर्ज करता येतो आणि उद्योगांना कंत्राटांसाठी निविदा भरता येते. परिषदेत मतदानाचा अधिकार मात्र मिळत नाही.

अशाच प्रकारची भागीदारी भारताने अन्य प्रकल्पांतही स्वीकारली आहे. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या इटर या संलयन प्रकल्पात भारत डिसेंबर २००५ मध्ये सामील झाला. या प्रकल्पाच्या उभारणीत युरोपचा वाटा सुमारे ४५ टक्के, तर भारतासह अन्य सहा भागीदारांचा प्रत्येकी सुमारे ९ टक्के आहे. हा वाटा प्रामुख्याने देशात तयार केलेल्या यंत्रभागांच्या रूपाने दिला जातो, त्यामुळे खर्चाचा मोठा भाग देशातील उद्योगांकडे जातो. पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या पुढाकाराने भारत स्क्वेअर किलोमीटर ॲरे या दुर्बीण प्रकल्पातही सहभागी झाला असून त्यासाठी केंद्र सरकारने १,२५० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली.

फ्रेमवर्क कार्यक्रमातील बदललेले नियम

भारत आणि युरोपीय समुदाय यांच्यात विज्ञान व तंत्रज्ञानविषयक करार २३ नोव्हेंबर २००१ रोजी झाला. त्याचे वेळोवेळी नूतनीकरण करण्यात आले. सातव्या फ्रेमवर्क कार्यक्रमापर्यंत भारतीय संस्थेचा समावेश असलेला प्रस्ताव मंजूर झाल्यास त्या संस्थेच्या वाट्याचा निधीही युरोपीय अर्थसंकल्पातून मिळत असे. २०१४ साली होरायझन २०२० सुरू झाल्यावर हा नियम बदलला. भारत, चीन, ब्राझील, रशिया आणि मेक्सिको या देशांच्या अर्थव्यवस्था वाढल्या असल्याने त्यांतील संस्थांना आपोआप निधी न देण्याचे ठरले. भारतीय संस्था प्रस्तावात सहभागी होऊ शकत होत्या, परंतु सर्वसाधारणपणे त्यांचा खर्च भारतातूनच भागवणे आवश्यक झाले.

त्यानंतर सहनिधीची व्यवस्था करण्यात आली. निवडक विषयांसाठी युरोपीय संस्थांचा खर्च युरोपीय संघाने आणि भारतीय संस्थांचा खर्च केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने, जैवतंत्रज्ञान विभागाने अथवा पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने करावयाचा, असे तिचे स्वरूप होते. या पद्धतीने पाण्याच्या विषयावर सात संयुक्त प्रकल्प मंजूर झाले. सांडपाण्यावरील प्रक्रिया, पिण्याच्या पाण्याची गुणवत्ता आणि गंगेच्या खोऱ्यातील प्रदूषण यांसारखे प्रश्न त्यांत हाताळण्यात आले. २०१५ साली महापूर आणि २०१९ साली जलाशय आटल्याने निर्माण झालेली तीव्र पाणीटंचाई अनुभवलेल्या चेन्नईसारख्या शहरांच्या दृष्टीने हे विषय महत्त्वाचे आहेत.

सहनिधीमुळे दोन्ही बाजू समान पातळीवर आल्या. मात्र तिची मर्यादाही आहे. एका प्रकल्पाला दोन ठिकाणी मंजुरी लागते आणि दोन्ही ठिकाणचा निधी वेगवेगळ्या आर्थिक नियमांनी वितरित होतो. सहनिधीसाठी निवडलेल्या विषयांबाहेरील प्रस्तावात भाग घेऊ इच्छिणाऱ्या भारतीय संस्थेला स्वतःच पैशाची सोय करावी लागते.

वैयक्तिक पातळीवरील संधी मात्र यापासून वेगळ्या आहेत. मारी स्क्लोदोव्स्का-क्यूरी शिष्यवृत्त्या आणि युरोपीय संशोधन परिषदेची अनुदाने कोणत्याही देशाच्या नागरिकांसाठी खुली आहेत. परिषदेच्या अनुदानासाठी संशोधकाने युरोपीय संघातील अथवा सहयोगी देशातील संस्थेत काम करणे आवश्यक असते. भारतीय तरुण संशोधकांना या शिष्यवृत्त्यांचा मोठ्या प्रमाणावर लाभ झाला आहे. यामुळे व्यक्तीला संधी मिळते, परंतु तिच्या कामाचा मुख्य पाया युरोपातील प्रयोगशाळेत राहतो.

सहयोगी सदस्यत्वाचा प्रश्न

होरायझन युरोपमध्ये युरोपबाहेरील देशांनाही सहयोगी होण्याची तरतूद आहे. न्यूझीलंड, कॅनडा आणि दक्षिण कोरिया हे देश कार्यक्रमाच्या जागतिक प्रश्नांशी संबंधित भागात सहयोगी झाले आहेत. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या भारतविषयक नव्या धोरणात भारताच्या सहयोगी सदस्यत्वाची शक्यता तपासण्याचा समावेश होता. होरायझन युरोपची मुदत २०२७ अखेरची असून पुढील कार्यक्रमासाठी युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये १७५ अब्ज युरोचा प्रस्ताव मांडला होता.

सहयोगी देश आपल्या अर्थव्यवस्थेच्या आकारमानाशी निगडित रक्कम सामायिक निधीत भरतो आणि त्याच्या संस्था युरोपीय संस्थांच्या बरोबरीने स्पर्धा करतात. भरलेली रक्कम परत मिळेलच, अशी हमी नसते. ब्रिटनने १ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सहयोगी होताना आपल्या संशोधकांना वर्गणीच्या मानाने फारच कमी निधी मिळाल्यास भरपाई मिळण्याची तरतूद करून घेतली. त्यापूर्वीची तीन वर्षे ब्रिटन या कार्यक्रमाबाहेर होता. त्याचे कारण वैज्ञानिक नव्हते. उत्तर आयर्लंडच्या व्यापारविषयक तरतुदींवरून निर्माण झालेला राजकीय वाद त्यामागे होता. स्वित्झर्लंडलाही युरोपीय संघाशी असलेल्या व्यापक मतभेदांमुळे काही वर्षे बाहेर राहावे लागले. संयुक्त संशोधनाची व्यवस्था कितीही गुणवत्ताधिष्ठित असली, तरी तिचे प्रवेशद्वार राजकीय संबंधांवर अवलंबून असते, हे कल्पाक्कमने १९७४ नंतर अनुभवले होते. युरोपातील देशांनाही तोच अनुभव आला.

भारताच्या बाबतीत हा निर्णय सार्वजनिक पैशाच्या विनियोगाचा आहे. सामायिक निधीत भरलेल्या रकमेचा लाभ प्रस्ताव लिहिण्याची, हिशेब ठेवण्याची आणि आंतरराष्ट्रीय गट सांभाळण्याची यंत्रणा असलेल्या संस्थांना प्रथम मिळेल. मद्रास, मुंबई अथवा बंगळुरू येथील मोठ्या संस्थांकडे अशी यंत्रणा आहे. राज्य विद्यापीठे आणि जिल्ह्यांतील महाविद्यालये यांच्याकडे ती बहुतांशी नाही. युरोपात पूर्वेकडील देशांनी जी तक्रार मांडली, तीच तक्रार देशांतर्गत उद्भवू नये यासाठी लहान संस्थांना प्रस्ताव तयार करण्यास साहाय्य करणारी व्यवस्था आवश्यक ठरेल.

चेन्नई परिसरातील चारही संस्थांच्या इतिहासावरून काही बाबी निश्चितपणे सांगता येतात. साहाय्य म्हणून मिळालेल्या यंत्रांपेक्षा त्या निमित्ताने प्रशिक्षित झालेल्या अध्यापकांचा उपयोग अधिक काळ झाला. ज्या ठिकाणी एखादा महत्त्वाचा घटक पूर्णपणे दुसऱ्या देशावर अवलंबून होता, तेथे सहकार्य थांबताच काम लांबले. ज्या ठिकाणी भारताने स्वतःचा निधी आणि स्वतःचे उद्दिष्ट घेऊन सहभाग दिला, तेथे मिळालेले ज्ञान देशातच पुढे वाढवता आले. सहयोगी सदस्यत्वाच्या वाटाघाटींत वर्गणीची रक्कम, मतदानाचा अधिकार, फलिताची मालकी आणि राजकीय मतभेद झाल्यास चालू प्रकल्पांचे संरक्षण या चार मुद्द्यांवर कोणत्या अटी मान्य होतात, यावर त्या सहभागाचे प्रत्यक्ष मूल्य अवलंबून राहील.